एकाही दिवसाचा खाडा नाही

कागदाच्या कारखान्यात वंगण द्यायच्या दोनशे बारा जागा होत्या. कुठे तेलाची कुपी, कुठे ग्रीसचं निपल, कुठे साखळी, कुठे दातेरी चाकांची पेटी. एकतीस वर्षं या सगळ्या जागा एकाच माणसाच्या अंगावर होत्या आणि त्या एकतीस वर्षांत कोरडं राहिलं म्हणून एकही बेअरिंग गेलं नाही. कारखान्यात त्याला वंगणदादा म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं. पुढे फोरमनही त्याच नावाने हाक मारू लागला, तेव्हा त्यातली चेष्टा संपली.

काम दिसायला सोपं, करायला घेतलं की कळायचं. शिडी चढायची, गरम रुळांच्या मधून वाकून हात घालायचा, निपल फडक्याने पुसायचं आणि मगच ग्रीसगन लावायची. न पुसता लावली तर ग्रीसबरोबर धूळही आत जाते. दोन दाब म्हणजे दोनच. कुठल्या दिवशी कुठली जागा, कुठलं तेल, किती, याचा तक्ता त्याच्या खिशात असे. आधी काम, मग खूण. आधी खूण करून ठेवणारा माणूस त्याला समोर नको असायचा.

शिवाय त्याला कान होता. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. चांगलं बेअरिंग एकसुरी गुणगुणतं. बिघडायला लागलं की त्या गुणगुणीत खरखर येते. महिनाभर आधी तो सांगायचा, हे जाणार, आणि ते जायचं.

निवृत्त झाल्यावर अशा कानाचा घरी काय उपयोग, असं कोणालाही वाटेल. पण त्याच्या घरात ऐकण्यासारखी एक वस्तू होती. नऊ वर्षांपूर्वी बायकोच्या हृदयातली एक झडप बदलून तिथे कृत्रिम झडप बसवली होती. ती वाजायची. खोली शांत असली की हातभर अंतरावरून स्वच्छ ऐकू यायचं, टिक, टिक, टिक. आलेला पाहुणा भिंतीवर घड्याळ शोधायचा.

"घड्याळ इथे आहे," ती छातीवर बोट ठेवून म्हणायची. "चावी द्यायचं काम ह्यांच्याकडे."

चावी म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते, म्हणून ती गोळी रोज, ठरल्या वेळी, जन्मभर. महिन्याला रक्त तपासायचं. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा अडीच आणि साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. नऊ वर्षं आकडा तीनच्या आसपास रेंगाळला होता. त्याला त्याचा अभिमान होता, जणू तीही त्याच्या दोनशे बारांमधलीच एक जागा.

मग ती न्हाणीघरात घसरली आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हाडं विरळ झालीत म्हणाले. डी जीवनसत्त्व फार कमी आहे. त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या आणि डीची एक मोठी गोळी, आठवड्यातून एकदाच. "आठवड्यातून एकदाच" हे त्यांनी कागदावर दोनदा अधोरेखित केलं. त्याला हे डॉक्टर आवडले.

चारेक दिवसांनी क्रेनवाला विचारपूस करायला आला. हा त्याचा कारखान्यातला जुना दोस्त. पंचवीस वर्षं उंचावरच्या केबिनमध्ये बसून खाली सगळ्यांना सूचना द्यायची सवय, ती जमिनीवर आल्यावरही गेली नव्हती.

"वहिनींना डी चालू केलं ना? आणि के?"

"के कसलं?"

"अरे, डी एकटं देतात होय? डी काय करतं, चुना, म्हणजे कॅल्शियम, रक्तात ओढून आणतं. रक्तातून तो हाडात कोण नेणार? के नेतं. के नसेल तर चुना भलतीकडेच जाऊन बसतो. रक्ताच्या नळ्यांत बसतो. झडपांवर बसतो."

"झडपांवर?"

"मी नाही म्हणत, हे बघ." क्रेनवाल्याने फोन पुढे केला. पडद्यावर पांढरा कोट घातलेला एक माणूस हात हलवून बोलत होता.

"भावोजी," बायको गळ्यातल्या झोळीतला हात सावरत म्हणाली, "आता ऑपरेशन पण त्यावरच शिकून घ्या. दवाखान्यात जायला नको."

तो हसला नाही. झडपांवर, हा एकच शब्द त्याच्या डोक्यात अडकला. चुना म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. कारखान्यातल्या पाण्याच्या वाहिन्यांत चुन्याचा थर धरायचा आणि झडपा जाम व्हायच्या. छिन्नी लावून तो थर त्याने फोडला होता. तसा थर हिच्या छातीत?

क्रेनवाला अजून बोलतच होता. ए, डी, ई, के, ही चौघं तेलात विरघळणारी. रिकाम्या पोटी घेतली तर वाया जातात. काहीतरी स्निग्ध पोटात हवं.

तेलात विरघळणारी म्हणजे आपल्याच खात्यातली, असं त्याला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी तो दुकानातून बाटल्या घेऊन आला. के वेगळं, हिरव्या झाकणाची बाटली. 'हाडांसाठी संपूर्ण' असं लिहिलेल्या मोठ्या गोळ्या. माशाच्या तेलाच्या पिवळ्या कॅप्सूल. ईच्या कॅप्सूल, पोटऱ्यांत गोळे येतात म्हणून. दुकानदाराने विचारलं, दुसरी काही औषधं चालू आहेत का? तो म्हणाला, हे माझ्यासाठी पण आहे. हे उत्तर नव्हतं, पण मागे रांग होती.

घरी येऊन त्याने तक्ता आखला. वार, वेळ, वस्तू, नग. सकाळी पावाला लोणी लावायचं, ते दोन घास पोटात गेले की गोळ्या. तिच्यासाठी एक रकाना, स्वतःसाठी एक. चांगल्या वस्तूला दोघांची वाटणी सारखी. दिल्यावर खूण.

पाचव्या आठवड्यात आकडा आला दोन पूर्णांक एक.

हृदयाच्या डॉक्टरबाई त्यांना नऊ वर्षं ओळखत होत्या. "गोळी चुकली का मधे?"

"नाही."

"एखादा दिवस?"

"मी देतो, बाई."

त्यांनी गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं आणि दहा दिवसांनी बोलावलं. दहा दिवसांनी आकडा आला एक पूर्णांक सहा. प्रमाण वाढवलं आणि आकडा उतरला. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "हे असं होत नाही. गोळी पोटात जाते हे तुम्ही डोळ्यांनी बघता?"

गोळी तिच्या हातावर ठेवतो हे तो बघत होता. गिळते हे नव्हतं बघितलं.

बाईंनी प्रमाण पुन्हा वाढवलं, आठवड्याने या म्हणाल्या, आणि निघताना बजावलं, धाप लागली, बोलताना जीभ अडखळली, हात किंवा पाय लुळा पडला, तर वाट बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोळी तिच्या हातावर ठेवली आणि समोरून हललाच नाही.

"काय?"

"गीळ."

तिने गिळली.

"तोंड उघड. जीभ वर कर."

तिने जीभ वर केली. मग तोंड मिटलं आणि त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला. मी चोर कधीपासून?"

"आकडा खोटं बोलतो का?"

"म्हणजे मी बोलते." ती उठली. "तुम्ही उघडा आता तोंड. बघू तरी आत काय काय भरलंय, बाहेर तर एवढंच पडतं."

तिने खुर्ची उचलली ती पलीकडच्या खोलीत नेली. जेवण वेगळं, झोपणं वेगळं. सकाळ-संध्याकाळ गोळ्यांच्या वेळी यायची, गिळायची, विचारायच्या आधी जीभ वर करून दाखवायची आणि जायची. तो निमूटपणे खुणा करत राहिला. आळशी माणसाचा त्याला आयुष्यभर राग, आणि आता घरातच कोणीतरी कामात लबाडी करतंय असं त्याने मनाशी धरलं होतं. मोडक्या मनगटाला कंटाळली असेल, जगण्याला कंटाळली असेल, असलं काहीबाही मनात यायचं आणि राग आणखी चढायचा. रागाच्या तळाशी भीती होती.

चौथ्या दिवशी सकाळी ती पावाला लोणी लावत ओट्याशी उभी होती. तो मागून तक्ता घेऊन आला. नळ बंद होता. रस्त्यावर क्षणभर काही वाजत नव्हतं. त्याचे पाय जागीच थांबले.

काहीतरी नव्हतं.

"हलू नकोस," तो म्हणाला.

"आता काय नवीन?"

त्याने जवळ जाऊन तिच्या पाठीला कान लावला. ठोके होते. पण टिक नव्हती. त्या जागी काहीतरी दबलेलं, ओल्या फडक्यात गुंडाळून हातोडी मारावी तसं.

"मी काय बेअरिंग आहे?" ती म्हणाली. पण वाक्य पुरं करायला तिला मधे श्वास घ्यावा लागला.

"हे कधीपासून?"

"कुठलं?"

"ही धाप."

"परवापासून. सांगून काय करायचं होतं? म्हणाला असतात, नाटक करते."

त्याने तिच्या चपला पुढे ठेवल्या.

रुग्णालयात तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरने आधी नीट ऐकून घेतलं नाही. "काका, आवाज कमी झाला म्हणजे नक्की काय? छातीत दुखतं का?"

"झडपेचा आवाज दबलाय. स्वतः ऐका."

तरुणाने नळी लावली. एका जागी, दुसऱ्या जागी, परत पहिल्या जागी. मग नळी कानातून काढली आणि चालत न जाता जवळजवळ धावत फोनकडे गेला.

दहा मिनिटांत डॉक्टरबाई आल्या. रक्त घेतलं, आकडा एक पूर्णांक चार. हृदयाची सोनोग्राफी, मग हलती क्ष-किरण तपासणी. बाहेर येऊन बाईंनी त्याला भिंतीशी घेतलं. "झडपेला दोन पाकळ्या असतात. एक अर्धीच उघडते आहे. त्यावर गुठळी धरली आहे. आता मला खरं सांगा, माझ्या गोळीशिवाय तिला काय चालू आहे?"

"हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं. बाकी औषध काही नाही."

"औषध सोडून?"

"शक्तीचं आहे थोडं."

ट्रॉलीवरून आवाज आला. "थोडं? नाश्ता त्यावरच होतो माझा."

बाईंचा चेहरा बदलला. "कसलं शक्तीचं? नावं सांगा."

नावं त्याला सांगता येईनात. रंग आठवत होते, नग आठवत होते. "हिरव्या झाकणाची एक... के आहे त्यात."

"के?" बाईंनी दाराकडे बोट केलं. "जा. घरात जेवढ्या बाटल्या असतील तेवढ्या घेऊन या. एकही मागे ठेवू नका."

बसची वाट न बघता तो चालत निघाला. वीस मिनिटांची वाट त्याने बारा मिनिटांत कापली. स्वयंपाकघरात ओट्यावर लोण्याचा पाव तसाच पडला होता. त्याने फळीवरच्या बाटल्या पिशवीत टाकल्या. मग तक्ता हातात घेतला. सात आठवडे, रोजच्या खुणा, सगळ्या त्याच्या हाताच्या, एकाही दिवसाचा खाडा नाही. हा कागद कोणी मागितला नव्हता. नेला नाही तर कोणाला कळणारही नव्हतं की किती आणि कोणी दिलं. त्याने कागद दुमडून खिशात ठेवला आणि दार ओढून घेतलं.

रुग्णालयातल्या फार्मासिस्टने बाटल्या टेबलावर मांडल्या. चाळिशीची बाई, बोलणं मोजकं. तिने एकेक लेबल वाचलं आणि त्याच्या तक्त्याशी ताडून कागदावर लिहीत गेली. मग कागद त्याच्याकडे फिरवला.

"के दोन ठिकाणी आहे. हिरव्या बाटलीत, आणि या 'हाडांसाठी संपूर्ण'मध्येही. डी तीन ठिकाणी. आठवड्याची मोठी गोळी, ह्या संपूर्णवाल्या, आणि माशाचं तेल. ए पण दोनदा. तुम्हाला वाटलं वेगवेगळ्या वस्तू देताय. वस्तू त्याच, डबे वेगळे."

"जास्त झालं तर बाहेर पडत नाही?"

"पाण्यात विरघळणारी बरीचशी पडतात, लघवीवाटे. ही चरबीत आणि यकृतात साठत जातात. ए आणि डी तर नक्कीच. के तेवढं साठत नाही, पण त्याचं दुखणं निराळं. तुमच्या मिसेसची रक्त पातळ करणारी गोळी काम करते ती केची वाट अडवूनच. तुम्ही एका हाताने वाट अडवलीत आणि दुसऱ्या हाताने उघडलीत. रोज. न चुकता."

बेअरिंगमध्ये ग्रीस जास्त कोंबलं की ते तापतं, सील फुटतं, हे त्याने किती जणांना शिकवलं होतं. कोरडी राहून गेली नसतील तेवढी बेअरिंगं जास्त भरून गेलीत, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

"झडपेवर चुना बसू नये म्हणून दिलं," तो म्हणाला.

"कृत्रिम झडपेची गोष्ट वेगळी. विचारलं असतंत तर डॉक्टरांनी सांगितलं असतं."

शिरेतून रक्त पातळ करणारं औषध सुरू झालं. गुठळी लहान आहे, डॉक्टरबाई म्हणाल्या, पण विरघळली नाही तर छाती पुन्हा उघडावी लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा उघडणं सोपं नाही. तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर तेही होऊ शकतं. चार-पाच दिवसांत कळेल.

पहिल्या दिवशी नर्सने बाटली बदलली, नळीतले थेंब मोजले, तो ते बघत बसला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"तू गोळ्या टाकत नव्हतीस."

"मला माहीत आहे."

"मीच..." पुढचं निघेना. तिने वाट बघितली. मदत केली नाही. "मीच दिलं. आकडा माझ्या हाताने पाडला. आणि तुला जीभ वर करायला लावली."

"सहा वेळा."

"मोजलंस?"

"तुमच्या घरात राहून न मोजणारं माणूस टिकेल का?" ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "कष्टात कसूर नव्हती तुमची. मला दोनदा विचारलं असतंत, हे काय आहे, का आहे, एवढंच. मी पण गिळत गेले. लोणी चांगलं होतं."

तो हसायला गेला आणि त्याला तोंड फिरवावं लागलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीत पाकळी तशीच होती. बाई फारसं बोलल्या नाहीत. शस्त्रक्रियेच्या सर्जनला बोलावून ठेवलं आहे, एवढं म्हणाल्या. संध्याकाळी तिच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या. त्याने नर्सला इतक्या जोराने हाक मारली की सगळा वॉर्ड उठून बसला. तरुण डॉक्टर आला, हात वर करा, हसून दाखवा, नाव सांगा. नाव सांगून ती वर म्हणाली, "ह्यांचंही सांगू?" हात प्लास्टरच्या कडेने दबला होता. तेवढंच निघालं. पण त्यानंतर तो खुर्चीवरून उठला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी ट्रॉली क्ष-किरणाच्या खोलीत गेली. दार बंद झालं. बारा मिनिटांत उघडायला हवं होतं, अठरा झाली. बाई बाहेर आल्या त्या एकट्या.

"उघडते आहे," त्या म्हणाल्या. "पूर्ण. दोन्ही पाकळ्या."

त्याने मान हलवली.

घरी सोडण्याआधी बाईंनी दोघांना समोर बसवलं. "नीट ऐका. केमुळे आकडा पडत होता आणि मी गोळी वाढवत होते. आता के बंद. वाढवलेली गोळी तशीच ठेवली असती तर आकडा उलटा उसळला असता आणि रक्तस्राव झाला असता. म्हणून प्रमाण परत खाली आणलं आहे. या आठवड्यात दर दोन दिवसांनी रक्त तपासायचं. आणि यापुढे काही सुरू करायचं असो की बंद करायचं, आधी मला फोन. शक्तीचं असो, हाडाचं असो. के विष नाही. कोणाला काही देणं चालूही शकतं, पण ठरवून, मोजून, माझ्या माहितीत. ई सुद्धा मोठ्या प्रमाणात हिच्यासाठी धोक्याचं, ते उलट्या बाजूने ओढतं, रक्त आणखी पातळ करतं. डी तेवढं हाडांच्या डॉक्टरांशी बोलून मी ठरवते."

"लिहून द्या," तो म्हणाला.

"दिलं आहे. आणखी काही विचारायचं?"

"मला विचारायचंय," बायको म्हणाली. "हे पण तेच सगळं घेत होते. सात आठवडे, माझ्याबरोबर. माझी डीची मोठी गोळी सुद्धा, दोघांना सारखं म्हणून."

"अगं, मला काय धाड भरली आहे."

"पाणी ढोसतात तांब्यावर तांब्या. दर तासाला उठतात. पोट साफ नाही महिनाभर, सगळ्या घराला माहीत आहे. जेवताना मळमळतं म्हणतात. आणि मी विचारलं की वय झालं."

बाईंनी पेन उचललं. "तहान कधीपासून आहे, काका?"

तो तक्त्यातली तारीख सांगू शकला असता. त्याने बायकोकडे बघितलं. ती मोडक्या मनगटावर चांगला हात ठेवून ताठ बसली होती.

"डी जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, ते बघायला हवं," बाई म्हणाल्या. "आणि डी. मूत्रपिंडही. घरी जायच्या आधीच रक्त द्या, खालच्या मजल्यावर."

"आज ही घरी जाते आहे. उद्या देतो."

"मी थांबते," बायको म्हणाली. "घाई नाही मला. बाही वर करा."